बसायचा पाय

परदेशातून सेवेला आलेल्या माणसांचा मला पहिला आठवडाभर राग येतो. मी ख्रिस्ती बाई आहे, असं वाटू नये हे मला कळतं. पण नाशिकच्या आमच्या मिशनमध्ये तेवीस वर्षं काढल्यावर मी पाहुण्याला त्याच्या बॅगेवरून ओळखते. बॅगेत सगळ्यात वर कॅमेरा असला की माणूस दोन आठवड्यांत कंटाळतो. सगळ्यात वर औषधं असली की तिसऱ्या दिवशी आजारी पडतो. एक जोडपं तीन महिन्यांसाठी आलं आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर शांतीचं कबुतर रंगवून गेलं. कबुतर छान आहे. त्याच्या चोचीपाशी पेशंटांचे नातेवाईक मोटारसायकली लावतात.

इंगरच्या बॅगेत सगळ्यात वर कानस होती. एक नव्हे, चार. त्यांच्याखाली करवत, मापाच्या पट्ट्या आणि बाईचे म्हणावेत असे अगदी थोडे कपडे. शिवाय एक वेगळं खोकं, त्यात अठरा कृत्रिम पावलं, एकेक कागदात गुंडाळलेलं. तिच्या गावच्या चर्चने भेट म्हणून पाठवलेली. इंगर नॉर्वेची, वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं तिकडच्या इस्पितळात कृत्रिम पाय बनवून निवृत्त झालेली. सहा महिने आमच्याकडे फुकट काम करायला आली होती. उंची अशी, की आमच्या कार्यशाळेच्या दारातून आत येताना ती रोज मान खाली घालायची, आणि नवे पेशंट समजायचे, बाई नमस्कार करतायत. तेही वाकायचे.

आमचं मिशन छोटं आहे. शरणपूर रोडच्या मागे पत्र्याची कार्यशाळा, शेजारी सहा खाटांची खोली, आणि पुढे माझं टेबल. ज्यांना विकत पाय घेणं शक्य नाही त्यांना आम्ही पाय बनवून देतो. येणाऱ्याला आम्ही धर्म विचारत नाही, माप विचारतो. माझं काम नोंदणीचं, पण खरं म्हणजे बोलण्याचं. पेशंटचं मराठी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचं, पाहुण्यांचं इंग्रजी पेशंटला मराठीत. या कामाचा मला गर्व होता. पुढचं सगळं त्या गर्वामुळेच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दिवस ठरलेला असायचा. साडेआठला प्रार्थना. इंगर मराठी गीतं रोमन अक्षरांत उतरवून घ्यायची आणि अर्थ न कळता सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायची. आमचा कारागीर धम्मपाल बौद्ध, तो प्रार्थनेला बसत नाही, पण त्याचा चहा बरोबर शेवटच्या ‘आमेन’ला येतो. नऊ वाजता प्लास्टर कालवायचं, मापं घ्यायची, साचे ओतायचे. दुपारी डबे खाल्ले की इंगर सगळ्यांचे डबे घासायला घ्यायची. पहिल्या दिवशी मी तिच्या हातातून डबा ओढला, दुसऱ्या दिवशी रागावले, तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. माझा डबा इतका स्वच्छ माझ्या सुनेनेही कधी घासला नव्हता, हे मी घरी इंदिरानगरला जाऊन मुद्दाम सांगितलं. त्याचे परिणाम वेगळे.

पेशंटांच्या तोंडी इंगरची दोन दिवसांत इंगळेबाई झाली. निफाडकडच्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “कुठले हो हे इंगळे?”

“नॉर्वेचे,” मी म्हटलं.

“हां,” तो समजून मान डोलवत म्हणाला, “तिकडं बी हायेत आपले.”

इंगर जानेवारीत आली होती. माझा राग नेहमीसारखा आठवड्याभरात उतरला. फेब्रुवारीत चंद्रभागा आली.

चंद्रभागा लासलगावजवळच्या एका वस्तीवरची, चाळिशीच्या आतबाहेरची. नवरा कारभारी तिला पाठुंगळी घेऊन दारातून आत आला. कुबड्या होत्या, पण त्या त्याने काखेत धरल्या होत्या. मागच्या वर्षी कांदा उतरवताना ट्रॉलीचा फाळका निसटून तिच्या डाव्या पायावर पडला. मागचा लोखंडी दरवाजा तो, वजनदार. गुडघ्याखाली वीतभर पाय उरला. त्याआधी वीस वर्षं ती लासलगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. खळं म्हणजे व्यापाऱ्याची कांदा साठवायची, निवडायची जागा. बायका ढिगापुढे ओळीने बसतात आणि मोठा, मध्यम, गोल्टी असा वेगवेगळा माल करतात. ओळीत पहिली जागा चंद्रभागेची होती.

हे सगळं मला कारभारीने सांगितलं. तो फार चांगला माणूस. तिला पाणी द्यायचा, तिचा पदर नीट करायचा, ती बोलायच्या आत तिच्या वतीने उत्तर द्यायचा. घरी स्वयंपाकही तोच करतो म्हणाला. तो तिच्यासाठी चहा आणायला गेला तेव्हा तिने तोंड उघडलं.

“ताई, घरात सगळे लय चांगले वागत्यात,” ती म्हणाली. “सासू रागवत नाय, जावा रागवत नाय. मी भांडं पाडलं तरी म्हणत्यात, असू दे. वरीस झालं, मला कोणी काय बोललंच नाय. मला त्येच सोसना. मला माझ्या जाग्यावर जायचंय. उन्हाळ कांद्याच्या ओळी लागायच्या आत.”

“काय म्हणते?” इंगरने विचारलं.

मी सांगितलं की तिला पुन्हा कामावर जायचं आहे. इंगरने मान हलवली आणि जमिनीवर गुडघे टेकून तिच्या पायाचं माप घ्यायला लागली.

“त्यांना एवढं सांगा ताई,” चंद्रभागा म्हणाली, “मला बसायचंय. बसता आलं म्हंजे झालं.”

मी इंग्रजीत सांगितलं, तिला बसता यायला हवं. शब्दाला शब्द. काना-मात्रेची चूक नाही.

“अर्थातच,” इंगर म्हणाली आणि तिने माझी खुर्ची मागून घेतली.

पुढचे दहा दिवस कार्यशाळेत त्या पायाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. इंगरने खोक्यातलं सगळ्यात चांगलं पाऊल काढलं. धम्मपाल म्हणाला, “मॅडम, हे पाऊल घोट्यात वाकत नाही. आपलं रबरी लावू.” इंगरने त्याला समजावलं की न वाकणं हाच त्याचा गुण आहे, चालताना ते माणसाला पुढे ढकलतं, तिकडे लोक ते लावून पळतात. चंद्रभागेला कुठे पळायचं होतं ते आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. सॉकेट म्हणजे ज्यात उरलेला पाय बसतो तो भाग, तो इंगरने मागून उंच ठेवला, गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, पक्का आधार मिळावा म्हणून. काम इतकं देखणं झालं होतं की बघतच राहावं.

चंद्रभागा दोन दांड्यांच्या मधून चालली. मग दांड्या सोडून चालली. मग आवाराला फेरी मारून आली. कारभारी रडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग इंगरने तिला खुर्चीवर बसवलं, उठवलं, बसवलं, उठवलं, वीस वेळा. चंद्रभागा दर वेळी खुर्चीच्या कडेवर टेकायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, “हां, छान. बसता येतंय की.” जाताना तिने इंगरचे दोन्ही हात हातात धरले आणि कपाळाला लावले.

इंगरचा एक नियम होता. पाय दिला की तीन आठवड्यांनी घरी जाऊन बघायचं. आम्ही आजवर असं करत नव्हतो, पेशंट येतो, आम्ही जात नाही. पण तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात धम्मपालने मिशनची गाडी काढली आणि आम्ही तिघं लासलगावच्या रस्त्याला लागलो. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून तासभर सरकत सरकत वस्तीवर पोचलो तेव्हा चंद्रभागा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पाय नव्हता.

पाय आत होता. खुंटीला टांगलेला, वर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी, पिशवीला दोरी. कारभारीने तो काढून अभिमानाने दाखवला.

“दोन लग्नं केली त्याच्यावर,” चंद्रभागा म्हणाली. “समदे म्हणले, वळखूच येत नाय.”

“रोज का घालत नाही?” मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच होता.

“बसता येत नाय ना ताई.”

“असं कसं? तिथे वीस वेळा बसलात. खुर्चीवर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, कीव केल्यासारखी. “ताई,” ती हळू म्हणाली, “कांद्याच्या ढिगापुढं खुर्ची टाकून बसू का मी?”

ढिगापुढे बसलेलं मी माझ्या आजीला बघितलं होतं, आईला बघितलं होतं. निवडायला, टिपायला, सारवायला, धुवायला बाई बसते ती जमिनीवर बसते, आणि बसते म्हणजे एका जागी बसून राहत नाही. मला बसायचंय असं चंद्रभागा म्हणाली तेव्हा ती आपल्या कामाचं नाव सांगत होती. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर पालेभाजी निवडणाऱ्या मला ते ऐकूच आलं नाही. मी शब्द उचलला आणि पलीकडे ठेवला. पलीकडच्या माणसाच्या घरात बसणं म्हणजे खुर्ची.

“तिथेच का नाही सांगितलंत?”

“एवढ्या लांबून आलेली बाई माझ्या पायाशी गुडघं टेकून बसती,” चंद्रभागा म्हणाली, “तिला काय म्हणायचं, हे नको म्हणून?”

मी इंगरला सगळं सांगितलं. चूक माझी होती हेही सांगितलं, आणि ते सांगताना मला फार लाज वाटली. इंगर म्हणाली, “मीही विचारलं नाही, कशापुढे बसायचं आहे.” तिने बूट काढले, ओट्यावर मांडी घालायचा प्रयत्न केला, आणि चंद्रभागेला म्हणाली, आमच्याकडे शिकलेल्या मराठीत, “दाखव.”

चंद्रभागेने पाय चढवला आणि दाखवलं. उजवा पाय दुमडून घ्यायचा, डावा गुडघा छातीशी उभा, पाऊल सपाट जमिनीवर. पण पाऊल सपाट होईना, टाचच टेकायची. आणि गुडघा पुरता दुमडायच्या आत सॉकेटची मागची कड मांडीत रुतायची. ती कशीबशी बसली आणि मागे कलंडली. कारभारी धावला. ती त्याला म्हणाली, “राहू द्या.”

मग इंगरने तसं बसून बघितलं. तिचे दोन्ही पाय देवाने दिलेले, पण साठ वर्षांत ते असे कधी दुमडले नव्हते. ती उकिडवी झाली, एक क्षण थांबली आणि सरळ मागे पडली. ओट्यावरच्या सासूने तोंडाला पदर लावला. चंद्रभागा आधी कचरली, मग हसायला लागली, आणि पडल्या पडल्या इंगरही.

“ढीग पुढं पुढं सरतो,” हसू आवरून चंद्रभागा सांगायला लागली. “आपण निवडत जातो तसा तो मागं जातो. मग आपल्याला त्याच्यामागं जावं लागतं. बूड नाय उचलायचं, नुसतं सरकायचं. दिवसभर. हे करता आलं तर मी माझ्या जाग्यावर. नायतर हाय ही भिंत.”

या वेळी मी एकही शब्द तसाच उचलला नाही. प्रत्येक वाक्य तिला करून दाखवायला लावलं आणि मगच इंग्रजीत सांगितलं. इंगरने जमिनीवर बसलेल्या बाईची मापं घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं तीच म्हणाली.

पुढचे तीन आठवडे मला इंगर आणि धम्मपाल यांच्यात उभं राहून भाषांतर करावं लागलं नाही. दोघंही कानशीने बोलत होते. धम्मपालने आपलं रबरी पाऊल आणलं, जे घोट्यात वाकतं, टाच टेकवून पुढे झुकतं. इंगरने सॉकेट मागून उतरवायला घेतला, एका वेळी नखाएवढा. जास्त उतरवला तर चालताना पाय निसटणार, कमी उतरवला तर बसताना रुतणार. पहिला सॉकेट निसटला. दुसरा रुतला. तिसरा तिने केला तेव्हा डबे घासायचंही विसरली.

चंद्रभागा आणि कारभारी आमच्या सहा खाटांच्या खोलीत राहायला आले. मी बाजारातून दोन गोणी कांदे आणून कार्यशाळेच्या मध्यावर ओतले. सकाळची प्रार्थना आठवडाभर त्या ढिगाभोवती झाली, गाताना सगळ्यांचे डोळे पाणावलेले. नवे पेशंट म्हणायचे, काय भक्ती आहे. चंद्रभागा बसायची, निवडायची, सरकायची. संध्याकाळी आम्ही निवडलेले कांदे परत कालवून ढीग करायचो. बसणं जमलं. सरकणं जमलं. उठणं मात्र जमत नव्हतं. दर वेळी कारभारीचा हात लागायचा, आणि तो हात तर सदान्‌कदा तयारच.

“उठता नाय आलं तर मुकादम घेणार नाय,” ती म्हणायची. “चहाला, पाण्याला, ट्रक आला तर, उठावंच लागतं.”

पवित्र आठवडा आला. गुरुवारी कारभारी तिच्या जागेचं विचारायला लासलगावला जाऊन आला. खळ्याचा मुकादम पुंजा, ओळी तो लावायचा. सोमवारपासून उन्हाळ कांद्याच्या ओळी लागणार होत्या. कारभारी परत आला तो चपला काढून दाराशीच बसला.

“काय म्हणाले मुकादम?” मी विचारलं.

“बघू म्हणाले.”

चंद्रभागेने हातातला कांदा खाली ठेवला. धम्मपाल कानस घेऊन बाहेर गेला. लग्नाच्या स्थळाला बघू म्हणतात, उसनं मागणाऱ्याला बघू म्हणतात. बघू म्हटलं की समजून घ्यायचं आणि पुन्हा विचारायचं नाही.

इंगर एकटीच आमच्या तोंडांकडे बघत होती. “काय म्हणाला तो?”

खरा अर्थ माझ्या जिभेवर होता. पण मला अचानक राग आला. पुंजाचा, कारभारीच्या वाकलेल्या पाठीचा, आणि तोंडावर नाही न म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांचाच. मी मुद्दाम, शब्दाला शब्द, सांगितलं, “तो म्हणाला, आपण बघू.”

इंगरचा चेहरा उजळला. “उत्तम,” ती म्हणाली. “मग आपण त्याला दाखवू.”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. ईस्टरच्या उपासनेत आमचे पाळक उठण्याबद्दल तासभर बोलले. प्रभूने मला क्षमा करावी, मी त्या तासात फक्त एका गुडघ्याचा विचार केला. रविवारी दुपारी चंद्रभागा तीनदा आपली आपण उठली आणि दोनदा पडली.

सोमवारी सकाळी आम्ही पाचही जण खळ्यावर. पत्र्याची लांबच लांब शेड, छातीएवढा कांद्याचा ढीग, वीसेक बायका गोणपाटं अंथरत होत्या. पुंजा मुकादम पन्नाशीचा, पांढरी टोपी. कारभारीला बघून तो थबकला. मग त्याला कारभारीच्या मागे मान वाकवून शेडमध्ये शिरणारी इंगर दिसली, आणि त्यानेही वाकून नमस्कार केला.

“नमस्कार पुंजाभाऊ,” इंगर मराठीत म्हणाली. हे वाक्य तिने गाडीत तासभर घोकलं होतं. “तुम्ही बघू म्हणालात. आम्ही दाखवायला आलो.”

बायकांचे हात थांबले. पुंजाने कारभारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणीतरी त्याला सोडवेल अशी त्याची अपेक्षा होती. मी छताच्या पत्र्याकडे बघत राहिले.

“तसं नव्हतं म्हणलं मी,” तो म्हणाला.

“मग कसं म्हणालात?” मी विचारलं.

तो मला थोडं बाजूला घेऊन गेला. “ताई, तो फाळका त्या दिवशी तिच्या पायावरून मीच उचलला होता,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “तिला बाहेर मीच ओढलं. माझी झोप गेली होती सहा महिने. आता ती इथं बसणार, पडणार, आणि मी रोज बघणार. मला नाय बघवत.”

मी मनातून पुंजाला चार दिवस शिव्या घालत होते. त्या सगळ्या परत घेतल्या. पण त्याला सोडलं नाही. “मुकादम,” मी म्हटलं, “तिला एवढंच हवंय, की तुम्ही बघावं.”

त्याने टोपी काढली, परत घातली. “बस बाई,” तो चंद्रभागेला म्हणाला.

ओळीतल्या पहिल्या बाईने न सांगता गोणपाट ओढून जागा केली. चंद्रभागा चालत गेली. उजवा पाय दुमडला, डावा गुडघा उभा केला, पाऊल जमिनीवर सपाट टेकलं. बसली. मग तिचे हात सुरू झाले आणि मला कळलं की आमच्या दोन गोणींच्या ढिगावर आम्ही काहीच बघितलं नव्हतं. कांदा उचलायचा, बोटात फिरवायचा, आणि कुठे टाकला ते कळायच्या आत दुसरा हातात. मोठा डावीकडे, गोल्टी उजवीकडे, सडका मागे. ढीग मागे सरला. ती सरकली. ढीग अजून सरला, ती अजून सरकली. शेजारच्या बायका मागे पडायला लागल्या तशा त्यांनी गप्पा बंद केल्या. इंगर शेडच्या खांबाला धरून उभी होती आणि नॉर्वेच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असावी, किंवा मापं.

दहाला चहा आला. बायका भराभर उठल्या. चंद्रभागा राहिली.

कारभारी निघाला. इंगरने त्याची बाही धरली. त्याने सोडवायला बघितली, पण चाळीस वर्षं पाय ओढून बसवणारा तो हात, तो सुटणार नव्हता. चंद्रभागेने उजवा हात जमिनीवर टेकला, डाव्या पावलावर भार दिला, अर्धी वर आली आणि खाली बसली. पुंजा तोंड फिरवायला लागला होता. “मुकादम,” मी म्हटलं, “बघा.” त्याने बघितलं. तिने पाऊल जरासं मागे घेतलं, नखाएवढं, पुन्हा भार दिला. वर आली. उभी राहिली. साडी झटकली, पदर खोचला आणि चहाच्या किटलीकडे चालत गेली. माझे डोळे भरून आले होते, आणि त्या दिवशी मी त्याचं खापर कांद्यावर फोडलं नाही.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पुंजा तिच्या निवडलेल्या मालापाशी गेला, वाकला, त्यातून एक कांदा उचलला. जुळा होता, दोन कांदे एका सालीतले.

“ए चंद्रभागा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “हा जोड चांगल्या मालात कसा गेला? डोळे घरी ठेवून आली का?”

कारभारीचा चेहरा लाल झाला. इंगर घाबरून माझ्याकडे वळली. चंद्रभागेने चहाचा कप तोंडापासून काढला. वर्षभरात तिला असं कोणी बोललं नव्हतं. तिचं सगळं तोंड आतून दिवा लागावा तसं झालं.

“एक जोड गेला माझा,” ती म्हणाली. “तुम्ही वरीसभर काय काय पास केलं त्ये बघितलं मी त्या कोपऱ्यातल्या मालात. आधी त्ये निवडा, मग मला बोला.”

ओळ खदखदून हसली. पुंजाने जोड कांदा मागे फेकला, टोपी पुढे ओढली आणि चहा संपवून कामाला लागा म्हणून सगळ्यांवर खेकसला. चंद्रभागेवर जरा जास्तच.

ती परत जागेवर बसली. आम्ही चौघं तिच्यापुढे उभे होतो, लग्नात स्टेजसमोर पाहुणे उभे राहतात तसे. इंगरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. चंद्रभागेचे हात चालत होते. मान वर न करता ती म्हणाली, “ताई, इंगळेबाईला म्हणावं, उजेडातून सरा. मला कांदा दिसंना.”

“काय म्हणते ती?” इंगरने विचारलं.

“म्हणते, आपण तिच्या कामात मध्ये येतोय,” मी सांगितलं, आणि आम्ही बाजूला झालो.